चौकोनी देठ

ऑक्टोबरच्या शेवटी माझी तुळस गेली. रात्री कुंडी बाल्कनीतून आत घ्यायला विसरले आणि सकाळी बघते तर पानं काळी पडून लोंबत होती. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग लगीन कुणाचं लावायचं?"

म्युनिकजवळच्या या गावात थंडी सुरू झाली की माझा घसा बसतोच. तुळस, आलं, मिरी आणि गूळ घालून काढा केला की भागायचं. गूळ कोल्हापूरचाच, येताना बॅगेतलं निम्मं वजन त्याचं. यंदा गूळ होता, तुळस नव्हती. माझा घोगरा आवाज ऐकून शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून मूठभर डहाळ्या दिल्या. झाल्बाय, म्हणजे इंग्रजीतलं सेज. करडी-हिरवी, बारीक लव असलेली पानं. वास थेट कापराच्या वळणाचा. उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं आणि कोमट झालं की गुळण्या करायच्या. इथं औषधाच्या दुकानातही याचा चहा आणि चघळायच्या गोळ्या मिळतात. "पण रोज तांब्याभर प्यायचा नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर नकोच, दूध आटतं," हे आजीबाईंनी बजावलं ते अगदी आमच्या आज्जीच्या सुरात. जास्त झालं तर त्यातलं थुजोन नावाचं द्रव्य बाधतं, हे मी नंतर वाचलं.

पानं खुडताना देठ बोटांत फिरवला आणि थांबले. चौकोनी! शिवाजी पेठेतल्या घरी वृंदावनातल्या मंजिऱ्या खुडायचं काम माझ्याकडे असायचं (द्वादशीला हात लावला की आज्जीचा धपाटा), तेव्हाचा तोच देठ. तुळस, पुदिना, सेज सगळी एकाच कुळातली भावंडं. सेजचं शास्त्रीय नाव साल्विया, तेही लॅटिनमधल्या 'बरं करणं' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं.

देवाधर्मातही मागे नाही हे झाड. आपल्याकडे झेंडावंदन असतं त्याच 15 ऑगस्टला इथं मेरीमातेचा सण. बायका औषधी वनस्पतींच्या जुड्या बांधून चर्चमध्ये नेतात, त्यात बहुतेक वेळा सेज असतंच. पाद्री मंत्र म्हणून पाणी शिंपडतात, मग जुडी घरात क्रुसापाशी टांगायची. पूर्वी विजा कडाडायला लागल्या की तिच्यातली काडी चुलीत टाकत.

हे सगळं ऐकवून मी आईला विचारलं, यंदा याचंच लग्न लावू का?

"मटणात घालत्यात न्हवं ते?"

"घालतात."

"मग गप बस."

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिनं फोन उसाला टेकवून ठेवला. पडद्यावर अर्धा ऊस, अर्धा अंतरपाट, मागं चिंचा-आवळ्यांचं ताट. मंगलाष्टकं संपली तशा मी अक्षता टाकल्या, फोनवर. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनरमधून तांदूळ खुळखुळत होते.