जास्तीचा दात

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे केजमधला माझा दवाखाना तसा रिकामाच होता. एक आजी दोन नातवंडांना घेऊन आल्या. नात अकरा वर्षांची, नातू सहाचा. मुलगा-सून दसरा झाल्याबरोबर ऊसतोडीला गेलेले.

"डाक्टर, पोरीला आतल्या अंगानं जास्तीचा दात आलाय बघा. जिभंला लागतोय. तेवढा उपटून टाका."

खाली डाव्या बाजूला एक दात खरंच रांग सोडून जिभेकडे आला होता. पण तो जास्तीचा नव्हता. मी एकेक दात मोजला. ती दुसरी उपदाढ होती, म्हणजे दुधाची मागची दाढ पडल्यावर तिच्या जागी येणारा पक्का दात, हक्काचा. तिला ७ मिलिमीटर तरी जागा लागते आणि उरली होती जेमतेम ३. मागची मोठी दाढ पुढे कलून तिच्या जागेत शिरली होती.

"हिची दुधाची दाढ फार लवकर काढलीय. कुणी काढली?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"तुम्हीच की."

जुने केसपेपर उपसले. चार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, माझंच अक्षर. मग सगळं आठवलं. गाल सुजलेली सात वर्षांची पोर, दारात उभी आई, मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार. दाढेखाली पू झाला होता. मी दाढ काढली, गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "दुधाचीच आहे, पडणारच होती."

पडणार होती हे खरं, पण दहा-अकराव्या वर्षी. तोवर तिचं काम जागा धरून ठेवण्याचं असतं. तिच्या मागे सहाव्या वर्षाच्या आसपास पक्की दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे बहुतेक घरांत तिलाही दुधाचीच समजतात. पुढची दाढ नाहीशी झाली की ही पक्की दाढ पुढे सरकायला लागते, आणि सगळ्यात जास्त सरकते ती पहिल्या सहा महिन्यांत. म्हणजे नेमका एक हंगाम. आईबाप पाडव्याला परत येईपर्यंत निम्मं नुकसान होऊन गेलेलं असणार.

उपाय अवघडही नव्हता. मागच्या दाढेला एक कडं आणि त्यातून पुढच्या दातापर्यंत तारेचा फास. स्पेस मेंटेनर म्हणतात त्याला. माप घ्यायचं, आठवड्याने बसवायचं. तो आठवडा त्यांच्याकडे नव्हता. पण मुलगी तर आजीजवळच राहणार होती! ते मी विचारलंच नाही.

आजींना सगळं सांगितलं, माझी चूक धरून. त्या रागावल्या नाहीत, हेच जड गेलं. त्यांनी सुनेला फोन लावून माझ्या हातात दिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. दात काढायचा नाही, दाढ तारेने मागे ढकलून जागा करावी लागेल, त्यासाठी लातूरला दर महिन्याला जावं लागेल, वर्षभर तरी, असं मी म्हणालो.

"पण डाक्टर, तुम्हीच म्हणला होता ना, पडणारच हाय म्हणून?"

"म्हणालो होतो, ताई. चुकलं माझं."

थोडा वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "बारक्याचीबी तीच दाढ किडलीय. ती तरी बघा."

बारक्या तोवर खुर्चीच्या पायथ्याशी बसून बिस्किटाचा पुडा संपवत होता. सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून हेच खातो, असं आजी म्हणाल्या. दाढेत मोठा खड्डा होता. पण सूज नव्हती, आणि एक्स-रेत मुळं शाबूत होती. पक्की दाढ नुकती हिरडीतून डोकं काढत होती.

"काढताय का?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. नसेचा वरचा खराब भाग काढतो, औषध भरतो आणि वर स्टीलची टोपी बसवतो. आजच."

पाऊण तास लागला. पोरगं रडलं, चावलंही. टोपी बसल्यावर आरसा मागितला आणि बहिणीला दाखवत म्हणालं, "माझा चांदीचा!"

ती तोंड मिटून बघत राहिली. मी तिच्यासाठी लातूरची चिठ्ठी लिहायला घेतली.