रात्रपाळीकडे रुग्ण सोपवताना

इंदूरच्या एका रुग्णालयात शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला सर्वांत अवघड गेले ते रात्रपाळीच्या डॉक्टरांना वॉर्डाचा ‘ओव्हर’ देणे, म्हणजे रुग्णांची माहिती सांगून त्यांची जबाबदारी सोपवणे. पोट उघडल्यावर आत काय दिसले आणि आतड्याचा जोड कितपत समाधानकारक बसला हे दिवसाच्या चमूला ठाऊक असते. रात्रीच्या डॉक्टरांच्या वाट्याला मात्र ‘बारा नंबर ठीक है, ड्रेन (पोटातला द्रव बाहेर काढणारी नळी) देख लेना’ एवढेच येत असे.

आमच्या वरिष्ठ मॅडमनी ‘आय-पास’ ही पद्धत लावून धरली. रुग्ण किती गंभीर आहे, त्याची थोडक्यात हकिकत, करायची कामे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करावे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने केलेली उजळणी, असा तिचा क्रम आहे. अमेरिका व कॅनडातील ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांतील तिचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आमचे रुग्ण वेगळे असल्यामुळे शस्त्रक्रियेचा कितवा दिवस आणि कोणती नळी कुठे आहे, हे आम्ही त्यात जोडले.

‘ठीक’ हा शब्द मात्र आम्ही वर्ज्य केला. ड्रेनमधून किती मिलिलिटर आले, त्याचा रंग कोणता आणि ते सकाळपेक्षा वाढले की घटले, हे सांगावेच लागते. मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो ‘बिघडल्यास’चा भाग. जोड गळू लागला, तर बऱ्याचदा पोट कडक होण्याआधीच नाडी वाढते. म्हणून पाचव्या दिवसाच्या रुग्णापुढे मी स्पष्ट लिहिते, की नाडी १२० च्या वर टिकून राहिल्यास केवळ वेदनाशामक देऊन थांबू नये, पोट तपासावे आणि वरिष्ठांना लगेच फोन करावा.

उजळणी रुजायला वेळ लागला, कारण माझ्याहून वरच्या वर्षातील डॉक्टरांना माझ्यासमोर ती करणे कमीपणाचे वाटे. “तुम्ही परत सांगितलंत, की तिचं काय सांगायचं राहिलं ते तिला तिथल्या तिथे कळतं,” असे मॅडमनी त्यांना समजावले, आणि पुढे स्वतःही त्या उजळणी करू लागल्या.

ओव्हरच्या वेळीच तातडीची शस्त्रक्रिया निघाली, की सगळे थिएटरकडे धावत. आता अशा वेळी आमच्यापैकी एकजण ओव्हर पुरा होईपर्यंत वॉर्डातच थांबतो.