लिटरला दोन किलोमीटर जाणाऱ्या मोटारीच्या भेटीला

साउथ केन्सिंग्टन स्थानकापासून निघणारी लांबलचक भुयारी वाट संपवून आम्ही लंडनच्या सायन्स म्यूझियममध्ये शिरलो, तेव्हा सोबतची मंडळी अपोलो १० च्या यानाकडे वळली आणि मी मात्र रोव्हर कंपनीची ‘जेट १’ शोधत निघालो. गॅस टर्बाइनवर, म्हणजे तापलेल्या वायूंच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर चालणारी जगातली ही पहिली मोटार. उघड्या टपाची ही दोन आसनी गाडी समोरून त्या काळातल्या इतर रोव्हरसारखीच वाटते. वेगळेपण कळते ते मागे गेल्यावर. इंजिन आसनांच्या मागे आहे, हवा आत घेण्याच्या जाळ्या दोन्ही बाजूंना आहेत आणि तापलेले वायू शेपटाच्या वरच्या अंगाने बाहेर पडत.

नावात ‘जेट’ असले, तरी वायूंच्या झोताने ती ढकलली जात नसे. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेत इंधन जाळायचे, त्या वायूंनी आधी कॉम्प्रेसरला फिरवणारे टर्बाइन व मग त्याच्यापासून स्वतंत्र असलेले दुसरे टर्बाइन फिरवायचे आणि या दुसऱ्याची प्रचंड गती दंतचक्रांनी उतरवून चाकांना द्यायची, अशी ती रचना होती. इंधनाबाबत नखरे नव्हते. पेट्रोल, डिझेल, अगदी रॉकेलही चाले.

रोव्हरला ही विद्या मिळाली युद्धकाळात, ब्रिटिश अभियंते फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनावर काम करताना. दोघांचे जमले नाही, १९४३ मध्ये ते काम रोल्स-रॉईसकडे गेले. तरी मार्च १९५० मध्ये ‘जेट १’ इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर धावली. जून १९५२ मध्ये बेल्जियममधील याब्बेकेच्या महामार्गावर तिने ताशी सुमारे २४५ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा ती चालवणारे अभियंते स्पेन किंग यांनीच पुढे रेंज रोव्हर घडवली.

घोडे अडले ते खर्चापाशी. गॅलनला सहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम दोन किलोमीटर! आपल्याकडचा ‘किती देते?’ हा पहिलाच प्रश्न तिला निरुत्तर करून गेला असता. विमानाचे टर्बाइन तासन्‌तास एका लयीत चालते. मोटारीला मात्र चौकाचौकात थांबावे लागते आणि गाडी थांबली तरी टर्बाइन इंधन पीतच राहते. शिवाय ‘जेट १’ मधून बाहेर पडणारी उष्णता वायाच जाई. ती परत वापरणारी यंत्रणा बसवलेल्या रोव्हर-बीआरएम या शर्यतीच्या टर्बाइन मोटारीने १९६५ ची फ्रान्समधली ल माँ शर्यत दहाव्या क्रमांकाने पूर्ण केली, पण विक्रीची टर्बाइन मोटार काही रोव्हरने काढली नाही.

मंडळींना गाठून मी त्यांना वरच्या उड्डाण दालनात नेले. व्हिटल यांच्या इंजिनावर मे १९४१ मध्ये उडालेले ग्लॉस्टर कंपनीचे विमान तिथे आहे आणि ‘जेट १’ नंतर तेच पाहायचे, हे मी निघतानाच ठरवले होते.