थेम्सकाठचे जुने वीजकेंद्र

लंडनमधील टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय पाहायला जाताना सेंट पॉल कॅथेड्रलकडून मिलेनियम पुलावरून चालत जावे, असे मी आवर्जून सुचवेन. क्रिस्टोफर रेन यांनी उभारलेला घुमट पाठीमागे राहतो आणि समोर विटांचे एकच उंच धुराडे येते. घुमट सुमारे १११ मीटर, धुराडे ९९ मीटर. हा फरक मुद्दाम राखलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला विजेची निकड होती, पण ऐन कॅथेड्रलसमोर वीजकेंद्र उभारण्याला मोठा विरोध झाला. लंडनच्या लाल टेलिफोन बूथचेही रचनाकार असलेले वास्तुविशारद गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी मधोमध एकच धुराडे ठेवून इमारतीला जवळजवळ प्रार्थनास्थळाचे गांभीर्य दिले.

नदीचा हा दक्षिण काठ, बँकसाइड, एके काळी लंडन शहराच्या कारभाऱ्यांच्या हुकमतीबाहेर होता आणि म्हणूनच शेक्सपिअरच्या काळात नाटकघरे इथे फोफावली. ग्लोब नाट्यगृहाची १९९७ साली खुली झालेली प्रतिकृती संग्रहालयाला अगदी लागून आहे.

वीजकेंद्राचा पहिला भाग १९५२ मध्ये सुरू झाला. इंधन तेलाचे असल्यामुळे नदीकाठी कोळशाचे ढीग पडले नाहीत. तेल जमिनीखालच्या प्रचंड टाक्यांत साठवले जाई. धुरातील गंधक कमी करण्यासाठी तो नदीच्या पाण्याने धुतला जाई, मात्र ते धुवण पुन्हा थेम्समध्येच सोडले जाई. हवेचा प्रश्न पाण्याच्या माथी मारण्याची ही रीत मला विचारात पाडून गेली. तेल महागले आणि १९८१ मध्ये केंद्र बंद पडले. पुढे हेर्झोग आणि द म्यूराँ या स्विस वास्तुविशारदांनी त्याचे रूपांतर केले आणि २००० साली संग्रहालय खुले झाले.

आत शिरताच उतरत्या जमिनीवरून आपण टर्बाइन हॉलमध्ये पोहोचतो. जिथे जनित्रे घरघरत होती, तिथे आज दीडशे मीटरहून लांब अशी मोकळी जागा आहे, आणि कलावंतांना आव्हान देण्याचे काम ती जागाच करते. २००७ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी या हॉलच्या लांबीभर जमिनीला एक भेग पाडली. स्थलांतरितांना वगळणारी, वर्णभेद करणारी दुभंगलेली व्यवस्था त्यांना दाखवायची होती. भेग नंतर बुजवली गेली, तरी तिचा व्रण काँक्रीटवर स्पष्ट दिसतो. मी वाकून त्यावरून बोट फिरवले. वरच्या दालनांत अनेक नामवंत चित्रे पाहिली, पण एवढा वेळ मी दुसऱ्या कुठल्याच कलाकृतीपाशी रेंगाळलो नाही. तेलाच्या टाक्याही २०१२ पासून प्रयोगकलांसाठी खुल्या झाल्या आहेत. त्यांच्या गोल, खरबरीत भिंती पाहायला विसरू नये.

बाहेर आल्यावर लगेच निघून जाऊ नये. या धुराड्यावर बहिरी ससाणे येऊन बसतात. दुर्बिणीतून मला एक दिसला: पाठ पाटीसारखी करडी, गालावर मिशीसारखा काळा पट्टा, पाय पिवळेधमक. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठणारा हा पक्षी विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये दुर्मीळ झाला होता, कारण डीडीटीसारखी कीटकनाशके भक्ष्यातून त्याच्या शरीरात साठत आणि अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत. त्या रसायनांवर निर्बंध आल्यावर ससाणे सावरले आणि शहरांत शिरले. त्यांच्या दृष्टीने उंच इमारती म्हणजे कडेच, आणि पारव्यांची तर इथे वाण नाही. शिवाय ब्रिटनमधील शहरी ससाण्यांच्या उष्ट्या अवशेषांत रात्री स्थलांतर करणारे लावे आणि टिबुकल्याही सापडल्या आहेत. रस्त्यांवरच्या विजेच्या उजेडाने खालून उजळलेले पक्षी ते अंधारात टिपतात.