तुम्ही विचारलंत म्हणून: विकिपीडियावर सुरुवात कशी करायची?

मी मराठी विकिपीडियावर लिहिते हे कळलं की कॉलेज रोडवरची मुलं असोत नाहीतर वाचनालयात भेटणारे रिटायर्ड काका, सगळे एकच विचारतात, "मलाही करायचंय, कोणता लेख लिहू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. नवा लेख एवढ्यात नकोच, आधी असलेल्या लेखातल्या एका वाक्याला संदर्भ जोडा, म्हणजे ती माहिती कुठे छापली आहे ते लिहा.

पांडवलेणी घ्या ना. नाशिककर म्हणजे सहलीला तिथे जाऊन आलेलाच, त्यामुळे सगळं माहीतच आहे असं वाटतं, पण विकिपीडियावर तुम्हाला काय माहीत आहे हे चालत नाही, ते कुठे छापलंय ते दाखवावं लागतं. ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला, आणि त्यात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, क्षहरातांचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवणारा असं वर्णन आहे. हे लिहायचं तर सोबत 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेख छापणाऱ्या ग्रंथमालेचा ८वा खंड द्यायचा, फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी नाशिकचे शिलालेख त्यात छापलेत, आणि पान नंबरही द्यायचा, म्हणजे नागपूरला बसलेला माणूससुद्धा तपासू शकतो. १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, नेटवर फुकट मिळतं, तेही वापरा, पण इतकं जुनं पुस्तक एकटं नको, जोडीला नवं काहीतरी हवंच.

हा नियम मला पटतो आणि तरी त्रास होतो, कारण पंचवटीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे गोदाघाटाच्या इतक्या आठवणी आहेत आणि त्यातलं एक वाक्य थेट लेखात घेता येत नाही. म्हणून सांगते, त्या आठवणी आधी दिवाळी अंकात, पेपरात कुठेतरी नीट छापून आणा, तेसुद्धा विकिपीडियाचंच काम आहे असं मी मानते.

दुसरं, 'थोर', 'महान', 'ऐतिहासिक' हे शब्द गाळा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत प्रवेश नव्हता, लढा पुढे काही वर्षं चालला. एवढं सरळ लिहिलं तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं.

सराव धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, करा, तिथे काहीही मोडलं तरी चालतं. लेखातही घाबरायचं कारण नाही, 'इतिहास'मध्ये प्रत्येक जुनी आवृत्ती असते. तुमचं वाक्य कुणी उलटवलं, म्हणजे काढून लेख पहिल्यासारखा केला, तर लगेच परत टाकू नका, बरेच नवीन लोक इथेच चिडून निघून जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या लेखाच्या चर्चा पानावर जा, विचारा, शेवटी चार वेळा ~ टाका म्हणजे सही आपोआप येते. बहुतेकदा कारण संदर्भ नसणं हेच असतं. आपल्या संस्थेवर, आपल्या काकांवर लेख लिहायचा नाही, दुसऱ्याचा फोटो उचलायचा नाही. फोटो हवा तर सकाळी रामकुंडावर जाऊन स्वतः काढा आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या मुक्त साठ्यावर, चढवा.

आणि टायपिंग येत नाही म्हणून थांबू नका, मोबाईलवर मराठीत बोलून लिहिलं तरी चालतं, फक्त प्रकाशित करायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ एकदा बघून घ्या.