भाकरीचं पीठ मळताना चक्कर का यायची

संपूर्ण हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता, म्हणून पेसमेकर बसवला आणि मी ठणठणीत झाले. काही महिन्यांनी पुन्हा चक्कर सुरू. ईसीजी, बीपी, साखर सगळं नॉर्मल. 'अशक्तपणा असेल,' असं ऐकून घरी आले, पण मन मानेना. जिना चढताना काही होत नव्हतं. ज्वारीचं पीठ जोर लावून मळायला घेतलं की अंधारी यायची, ओटा धरावा लागायचा.

पेसमेकरच्या तपासणीला गेल्यावर हे तंत्रज्ञांना सांगितलं. त्यांनी छातीवर वँड, म्हणजे पेसमेकरशी संपर्क साधणारं उपकरण, ठेवला आणि म्हणाले, "काकू, तळहात एकमेकांवर जोरात दाबा." पडद्यावर प्रत्येक ठोक्याखाली खूण उमटते : ठोका हृदयाचा असेल तर व्हीएस, मशीनने दिला तर व्हीपी. मी हात दाबले तशी रेघेवर बारीक खरखर आली, तिच्याखाली व्हीएस, व्हीएस पडत गेलं आणि व्हीपी बंद! डोळ्यांपुढे तीच अंधारी. "सोडा, सोडा हात!"

ठोका देण्याआधी पेसमेकर हृदयाचा स्वतःचा ठोका पडतोय का, ते बघतो. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात बसवलेल्या पहिल्या पेसमेकरला हे जमत नव्हतं. तो ठरल्या गतीने ठोके देत राहायचा. पण भलत्या क्षणी दिलेला ठोका जीवघेणी लय सुरू करू शकतो, म्हणून पुढे सेन्सिंग आलं. माझं सेन्सिंग युनिपोलर ठेवलेलं होतं, म्हणजे हृदयातल्या वायरच्या टोकापासून थेट पेसमेकरच्या डबीपर्यंतची वीज टिपणारं. डबी बसलीय छातीच्या स्नायूवर. मळताना स्नायूत निर्माण होणारी वीज त्याला हृदयाचे ठोके वाटायची आणि तो गप्प बसायचा.

नशिबाने वायर बायपोलर होती, म्हणजे तिच्यावरच वीज टिपणारे दोन इलेक्ट्रोड होते. चिरफाड नाही, सुई नाही. सेटिंग बदललं आणि आता दोन्ही इलेक्ट्रोड हृदयाच्या आतलेच. माझ्या ठोक्याचा सिग्नल ८ मिलिव्होल्ट भरला, संवेदनशीलता २ वर ठेवली, म्हणजे त्याहून लहान सिग्नल तो मोजणार नाही. पुन्हा हात दाबायला लावले. जीव मुठीत धरून पडद्याकडे बघत होते. व्हीपी, व्हीपी, व्हीपी, एकही चुकला नाही.

आता पीठ मळते, कपडेही पिळते. चक्कर आली तर त्या वेळी हात काय करत होते, तेही डॉक्टरांना सांगा. झोपवून काढलेल्या ईसीजीत माझं दुखणं दिसलंच नव्हतं. पेसमेकरच्या कार्डावर 'सेन्सिंग बायपोलर' असं लिहून घेतलंय, दुसरीकडे तपासणीला गेले तर आधी तेच दाखवणार आहे.