लंडनमध्ये माझ्या चांदीवर हॉलमार्क घेताना

इथे चांदीकाम करून विकायचं तर आधी स्वतःचा ठसा नोंदवावा लागतो. 7.78 ग्रॅमपेक्षा जड वस्तू ‘चांदीची’ म्हणून विकायची तर हॉलमार्क सक्तीचा, आणि कारागिराची नोंद नसेल तर तो मिळत नाही. मी गोल्डस्मिथ्स कंपनीकडे अर्ज केला. चीपसाइडजवळच्या फॉस्टर लेनमध्ये सोनारांच्या या संघाचं बस्तान 1339 पासून आहे. इमारत कितीदा तरी बदलली, जागा तीच.

फॉर्म अवघड नाही. आपली आद्याक्षरं आणि त्यांच्याभोवतीची चौकट ठरवायची. दोन्ही मिळून होणारा ठसा दुसऱ्या कुणाचा नसावा, एवढीच अट. मग फी भरली की तो ठसा ठोकायचा पोलादी पंच तयार होतो. नोंद दहा वर्षं चालते.

मला या चौकटीचं फार अप्रूप वाटतं, कारण कारागिराने आपली खूण उमटवलीच पाहिजे हा कायदा 1363 चा आहे. त्याआधी 1300 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने ठरवून दिलं होतं की चांदी नाण्याच्या तोडीची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध हवी. संघाचे प्रमुख दुकानोदुकानी फिरून टंच, म्हणजे धातूची शुद्धता, बघत आणि पास झालेल्या वस्तूवर बिबट्याचं तोंड उमटवत. आज तेच तोंड लंडनची खूण आहे.

मी एक छोटा पेला पाठवला. शेवटचं पॉलिश मुद्दाम बाकी ठेवलं होतं, कारण ठसे ठोकताना धातू सरकतो. आता टंच क्ष-किरणांच्या यंत्रावर चटकन कळतो. जुनी रीत मात्र बघण्यासारखी होती: वस्तूचा कीस खरवडून तोलायचा, शिशात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसं आणि तांबं ती राख पिऊन टाकते, मागे शुद्ध चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तोलला की भेसळ किती ते उघड. डाख जास्त भरून वजन वाढवणाऱ्यांची तिथे डाळ शिजत नसे.

पेला परत आला तेव्हा तळाला ओळीने ठसे होते आणि आतल्या बाजूला तेवढेच बारीक उंचवटे. छोट्या ऐरणीवर धरून हलक्या हातोडीने ते बसवले, मग पॉलिश केलं. पत्रा पातळ असेल तर लेझरने ठसे मागा. हा व्याप वाचतो.

आणि वर्षाचं अक्षर, म्हणजे तपासणी कोणत्या वर्षी झाली ते सांगणारा ठसा, जरूर मागा. 1999 पासून ते ऐच्छिक आहे, त्यामुळे बरेच जण सोडून देतात. ते 1478 मध्ये सुरू झालं ते टंच काढणाऱ्यालाही जबाबदार धरण्यासाठी: माल हलका निघाला तर त्या वर्षी तपासणीवर कोण होतं, हे अक्षरावरून कळे. कारागिराची खूण आणि तपासणाऱ्याचं वर्ष शेजारी शेजारी असले, की गिऱ्हाइकाला दोघांनाही जाब विचारता येतो.